पुढच्या सीटवरचे मूल

मुरबाड तालुक्यास आजतागायत रेल्वेचा रूळ लागलेला नाही. शेजारच्या शहापूर तालुक्याचे, म्हणजे जुन्या दप्तरातील कोलवणाचे, तसे नाही. कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वाशिंदला आणि १८६१ च्या प्रारंभी कसाऱ्याला पोचला, आणि तेव्हापासून तेथील माणसाचे मुंबईला जाणेयेणे गाडीच्या वेळापत्रकाशी बांधले गेले. मुरबाडकर मात्र रस्त्याचाच माणूस राहिला. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जाणारे बैलांचे तांडे ज्या पायथ्याच्या रानातून जात, ते रान याच तालुक्यातले. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवितात तो त्या वर्दळीची आठवण देत अजून उभा आहे, आणि जवळच्या लेण्यात नागनिका राणीच्या प्रसिद्ध लेखाबरोबर राजकुलातील व्यक्तींच्या ज्या प्रतिमा कोरलेल्या होत्या त्यांत राजाराणीच्या पंक्तीला कुमारांनाही स्थान होते, हे त्या भग्न प्रतिमांच्या माथ्यावर उरलेल्या नावांवरून कळते. मूल पुढे, थोरांच्या बरोबरीने बसवावे ही हौस फार जुनी आहे, एवढेच या दाखल्यावरून म्हणावयाचे. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

बैलगाडीत पुढची जागा धुरकऱ्याची. पौषी पौर्णिमेस म्हसा येथे म्हसोबाची जी मोठी जत्रा भरते आणि जेथील गुरांचा बाजार अजूनही नावाजलेला आहे, त्या जत्रेस निघालेल्या कुणब्याच्या गाडीत मागे पेंढ्यावर बायका, वडीलधारी माणसे आणि शिध्याचे गाठोडे; घरातले धाकटे पोर मात्र हटकून पुढे, बापाच्या मांडीला मांडी लावून, कासऱ्याचे टोक आपल्याही हाती हवे या हट्टाने बसलेले. त्यात धोका मुळीच नव्हता असे नाही. उतारावर बैल बुजले तर पोर चाकाखाली जाण्याचे भय होतेच. परंतु बैलाची चाल ती बैलाची चाल, तीत बापाने डावा हात आडवा घातला की काम भागत असे. मुलाला पुढे बसवावयाचे आणि प्रसंग आलाच तर हात आडवा घालावयाचा, हा दस्तूर बैलगाडीच्या काळात पडला आणि बैल जाऊन इंजिन आले तरी तसाच चालू राहिला.

मोटारीच्या युगात मुलाला स्वतःची अशी जागा कधी मिळालीच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि यथावकाश ती लाल गाडी कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाट चढू लागली. तिच्या दरपत्रकाप्रमाणे पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही आणि बारापर्यंतच्यास अर्धे. म्हणजे सरकारी हिशोबानेही मूल हे फार तर अर्धा उतारू, आणि अर्ध्या उतारूची जागा, गर्दी असली की, आईच्या मांडीवर. कंडक्टरने पोराच्या उंचीकडे संशयाने पाहावे आणि आईने ‘अजून पाचवं लागलं नाही हो भाऊ’ म्हणून त्याला गुडघ्यांत दडवावे, ही हुज्जत सोडली तर मुलाच्या बसण्याविषयी कोणी काही विचार केल्याचे आढळत नाही. एस.टी.ला जे पुरे पडेना ते पुढे काळ्या-पिवळ्या जीपांनी भरून काढले. सरळगाव, धसई, टोकावडे अशा नाक्यांवर भरून निघणाऱ्या त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघे, आणि बाजाराच्या दिवशी त्याच्या उजव्या अंगाला अर्धा बाहेर लोंबणारा चौथा, अशी व्यवस्था असे. गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांमधून हाले, आणि या सर्वांच्या पुढे, समोरच्या काचेला नाक लावून, कोणाचे तरी मूल उभे. पत्र्याच्या डॅशबोर्डावर आपटून किती पोरांचे दात पडले याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडावयाची नाही.

घरची मोटार दारात उभी राहण्याचे दिवस या भागात उशिरा आले. मारुतीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली, शहापूर-आसनगावकडील जमिनींस भाव आला, आणि कल्याण-डोंबिवलीत स्थिरावलेली मुले गणपतीला आपली गाडी घेऊन गावी येऊ लागली, तेव्हा नातवाला पुढे बसवून वेशीपर्यंत एक फेरी मारून आणणे हा कौतुकाचा एक नवा विधीच होऊन बसला. जेथे मोटार नव्हती तेथे मोटारसायकल होती, आणि तिच्यावरही मुलाची जागा पुढेच, पेट्रोलच्या टाकीवर. चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर नेताना पट्टा आणि शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरवर जाऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला आहे; मुरबाडच्या बाजारात त्याची वार्ता कितपत पोचली हे बाजाराच्या दिवशी कोणीही उभे राहून पाहावे.

या दस्तुराची गाठ ज्या यंत्राशी पडावयाची होती, त्याचा जन्म फार दूर झाला. पण तो झाला अगदी याच दस्तुरापोटी. १९५२ च्या वसंतात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात जॉन हेट्रिक नावाचा एक अभियंता आपली पत्नी आणि सात वर्षांची मुलगी यांना पुढच्या सीटवर घेऊन रविवारी सहज फिरावयास निघाला असता, वाटेत आडवा आलेला दगड चुकविताना त्याची गाडी चरात गेली. त्या क्षणी नवराबायको दोघांचेही हात न सांगता मुलीच्या आड गेले. कोणास इजा झाली नाही. परंतु घरी परतताना या गृहस्थाच्या मनाने घेतले की, आपल्या हातांच्या जागी दुसरे काहीतरी, हातापेक्षा चपळ आणि मऊ, आपोआप पुढे येईल अशी तजवीज का करू नये? आरमारात टॉर्पेडोच्या दुरुस्तीवर असताना दाबून भरलेली हवा एकाएकी सुटून टॉर्पेडोवरील कॅनव्हासचे आच्छादन क्षणार्धात फुगून छताकडे उसळलेले त्याने पाहिले होते, ते त्याला आठवले, आणि ऑगस्ट १९५३ मध्ये मोटारीतील सुरक्षा-गादीचे पेटंट त्याच्या नावावर झाले. जर्मनीत वाल्टर लिंडरर याने तशाच कल्पनेचा अर्ज ऑक्टोबर १९५१ मध्ये गुदरला होता, तेव्हा अग्रमान कोणाचा हा वाद तज्ज्ञांवर सोपवावा. मोटारवाल्या बड्या कंपन्यांनी हेट्रिकची दाद घेतली नाही. पेटंटची मुदत सरून गेली आणि त्याच्या पदरात त्यातून काही पडले नाही.

म्हशाच्या वाटेवरील कुणब्याचा आडवा झालेला हात आणि पेन्सिल्व्हेनियातील त्या बापाचा हात यांत आम्हांस तिळमात्र अंतर दिसत नाही. पुढे बसलेल्या मुलाच्या काळजीतून जन्मलेली ही एअरबॅग प्रत्यक्ष गाड्यांत येईपर्यंत मात्र मुलालाच विसरून गेली होती, आणि असे का झाले हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे.

त्याचे कारण यंत्रात नसून माणसांच्या सवयीत आहे. अमेरिकेत १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सीटबेल्ट बांधणाऱ्यांचे प्रमाण अवघे १४ टक्क्यांच्या आसपास होते. लोक पट्टा बांधत नाहीत आणि बांधावयाची सक्ती केली तर रागावतात, तेव्हा न बांधणाऱ्यालाही वाचविणारे साधन गाडीत हवे, असा सरकारचा निर्णय झाला; आणि त्यासाठी जी कसोटी ठरली ती अशी की, सुमारे ७८ किलो वजनाचा, मध्यम बांध्याचा, पट्टा न बांधलेला पुरुष (अर्थात त्याचा पुतळा) ताशी ३० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या वेगाने गाडीसह भिंतीवर आदळला असता बचावला पाहिजे. असा मोकळा सुटलेला ऐवज समोरच्या डॅशबोर्डाला भिडण्यापूर्वीच पिशवी भरून तयार हवी. त्याकरिता आत रसायनाच्या वड्या ठेवावयाच्या, धक्का कळताच त्या पेटवावयाच्या, त्यांतून सुटलेला नायट्रोजन सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत पिशवी फुगवितो आणि ती ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर फेकली जाते. प्रौढ माणूस मागे रेलून, पट्टा बांधून बसला असेल तर ती त्याच्यापर्यंत पोचते तोवर भरून नरम झालेली असते. मुलाचे तसे नाही. ते सीटच्या कडेशी सरकून बसते, मांडीवर असते, अथवा उभे असते. टक्कर होण्यापूर्वी चालक ब्रेक दाबतो तोच ते पुढे घसरून डॅशबोर्डाच्या त्या झाकणाला जवळजवळ चिकटते, आणि झाकण फोडून निघणाऱ्या पिशवीचा पहिला, सर्वांत कठोर तडाखा त्याच्या मानेवर, हनुवटीवर वा छातीवर बसतो. तान्ह्या मुलाची पाठमोरी खुर्ची पुढच्या सीटवर बांधली असेल तर तिची पाठच झाकणापासून वीतभर अंतरावर येते, आणि त्या पाठीमागे मुलाचे डोके असते. गाडीला फारसा पोचाही आलेला नाही अशा किरकोळ टकरीत मूल दगावल्याच्या ज्या हकीकती पुढे बाहेर आल्या, त्यांचा उलगडा हा आहे.

हे कोणास अगाऊ ठाऊक नव्हते म्हणावे तर तसेही नाही. स्वीडनमध्ये १९७४ साली, डॅशबोर्डाजवळ उभ्या असलेल्या मुलाचे काय होईल हे पाहण्यासाठी, बेशुद्ध केलेल्या २४ डुकराच्या पिलांसमोर पिशव्या फोडून पाहिल्या होत्या. त्यांतील ८ पिले मेली. निष्कर्ष छापून प्रसिद्ध झाला, वाचणाऱ्यांनी वाचला, आणि कारभार पुढे चालू राहिला. १९८८ पासून क्रायस्लर कंपनीने आपल्या गाड्यांत चालकापुढील पिशवी सरसकट बसविण्यास आरंभ केला, मग शेजारच्या सीटपुढेही ती आली, आणि १९९३ पासून मुले मरू लागली. १९९० ते २००८ या अवधीत, कमी वेगाच्या टकरींत निव्वळ पुढच्या एअरबॅगच्या फुगण्यामुळे झालेले २९० हून अधिक मृत्यू अमेरिकेत नोंदले गेले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता, आणि जवळजवळ नऊ-दशांश मृत्यू १९९८ पूर्वी बांधलेल्या गाड्यांत झाले होते. याच पिशव्यांनी त्या काळात हजारो प्रौढांचे प्राण वाचविले हेही तितकेच खरे असल्याने, सरसकट शिव्याशाप देण्यात अर्थ नाही. परंतु थोरांनी पट्टा बांधण्याचा कंटाळा केला आणि त्या कंटाळ्याची वसुली पोरांकडून झाली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

ही पिशवी बंद करण्याच्या खटक्याचा इतिहास येथून सुरू होतो. १९९५ साली अमेरिकन सरकारने प्रथम ज्या गाड्यांना मागची सीटच नाही, किंवा आहे ती मुलाची खुर्ची ठेवण्याइतकी नाही, अशा गाड्यांत, म्हणजे मुख्यतः पिकअपमध्ये, शेजारची एअरबॅग बंद करण्याचा खटका बसविण्यास कारखानदारांस मुभा दिली. नोव्हेंबर १९९६ मध्ये ठळक इशाऱ्याची चिठ्ठी सक्तीची झाली. १९९७ मध्ये पिशव्यांचा जोर कमी करण्यास परवानगी मिळाली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निघालेल्या हुकमान्वये, जानेवारी १९९८ पासून, इतर मोटारींच्या मालकांनाही खटका बसवून घेता येऊ लागला. हा खटका मागेल त्याला मिळत नसे. मालकाने सरकारात अर्ज करावयाचा. त्यात ठरलेल्या चार कारणांपैकी एक दाखवावयाचे: तान्हे मूल पुढेच ठेवावे लागते, बारा वर्षांपर्यंतचे मूल पुढे बसविण्यावाचून गत्यंतर नाही, चालकाला चाकाच्या दहा इंचांच्या आत बसावे लागते, अथवा काही शारीरिक व्याधी आहे. सोबतचे माहितीपत्रक वाचल्याचे लिहून द्यावयाचे. आणि परवान्याचे पत्र आले की ते घेऊन गॅरेजात जावयाचे. आपल्या मामलेदार कचेरीत जन्म घालविलेल्या कारकुनासही ही पद्धत परकी वाटली नसती. सरकारला भीती होती ती ही की, घाबरलेले लोक सरसकट पिशव्या बंद करून टाकतील आणि एका मुलाला वाचविताना दहा थोरांना गमावतील. पुढे २००० सालच्या नियमाने सीटवरील वजन ओळखून पिशवीने आपण होऊन गप्प राहावे अशी योजना आली आणि २००६ पर्यंत ती नव्या मोटारींत सर्वत्र झाली. युरोपने निराळी वाट धरली; २००३ च्या निर्देशाने असे ठरविले की, पुढच्या सीटवर पाठमोरी खुर्ची ठेवावयाची असेल तर समोरची एअरबॅग आधी बंद केलीच पाहिजे. त्यामुळे तिकडच्या गाड्यांत किल्लीचा खटका रूढ झाला, आणि आपल्याकडे आज दिसतो तो बहुधा त्याच घराण्यातला आहे.

भारतात चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींत सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटपुढील २०२१ मध्ये: नव्या नमुन्यांत १ एप्रिलपासून, जुन्या नमुन्यांत, मुदतवाढ मिळून, वर्षअखेरपर्यंत. म्हणजे ज्या सीटवर मुरबाडचा नातू परंपरेने बसतो, त्या सीटसमोर हे यंत्र सर्रास येऊन बसल्याला अद्याप फार काळ लोटलेला नाही. पिशवीची सक्ती झाली, परंतु खटका कोठे आहे, कोठे नाही. ग्लोबल एन-कॅप या संस्थेच्या टक्कर-चाचण्यांत काही भारतीय गाड्यांचे बालसुरक्षेचे गुण, शेजारची एअरबॅग बंद करण्याची सोय नाही म्हणून कापले गेले आहेत. जेथे तो आहे तेथेही तो असा लपून असतो की, मालकास वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागू नये. डाव्या हाताचे पुढचे दार उघडावे. दार लावल्यावर जी कड झाकली जाते त्या डॅशबोर्डाच्या कडेला बटणाएवढी एक वाटोळी खाच असते, तीत किल्लीचे टोक घालून ते ‘ऑफ’कडे फिरवावे, म्हणजे आरशाजवळ अथवा मधल्या फळीवर एक पिवळसर दिवा लागून राहतो. काही गाड्यांत हीच खाच सामानाच्या खणात असते. उन्हासाठी खाली ओढण्याच्या झडपेवर पिवळ्या मथळ्याची एक चिठ्ठी डकविलेली असते. तीत पाठमोऱ्या खुर्चीतील बाळ, त्याच्यापुढे फुगलेली पिशवी आणि दोहोंवर लाल काट काढलेले चित्र. आमच्या भागात या झडपेचा उपयोग पावत्या खोवण्याकडे होतो, त्यामुळे बाळ टोलच्या चिठ्ठीआड गेलेले असते. आणि ज्या झाकणातून पिशवी निघावयाची, त्याच्यावर, सपाट आणि सोयीची जागा म्हणून, दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून गणपतीची मूर्ती बसविलेली. भक्तीविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण तीच मूर्ती त्या वेगाने सुटली असता कोणाच्या तोंडावर जाईल याचा विचार मूर्ती बसविणाऱ्याने केलेला नसतो. ती ड्रायव्हरच्या पुढे, मीटरच्या पलीकडे बसविली तरी देवाचे काही बिघडत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच वाशीला, रात्रीच्या वेळी, बापाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा दगावल्याची वार्ता सर्व वृत्तपत्रांनी छापली. पुढे चाललेली दुसरी गाडी दुभाजकावर आदळली, तिचा मागचा भाग या गाडीच्या बॉनेटवर येऊन पडला, आणि एअरबॅग उघडली. गाडीतील इतरांस मोठी इजा झाली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी अशीच गेली. वाशीच्या बातमीनंतर काही दिवस मुरबाड-शहापूरच्या गॅरेजांतून ‘एअरबॅग काढून देता का’ अशी विचारणा झाली असेल तर नवल नाही. आणि मिस्त्रीने फ्यूज ओढून वा जोडणी सोडवून ती बंद करून द्यावी, समोर लाल दिवा कायमचा जळत राहावा, आणि मालकाने त्या दिव्याची सवय करून घ्यावी, हाही आपल्याकडचा परिपाठच आहे. यात मुलाची पिशवी बंद होते की सर्वांच्याच पिशव्या, हे ना मालक जाणतो ना मिस्त्री. सीटबेल्ट न बांधता त्याची टिकटिक तेवढी बंद करणाऱ्या नकली क्लिपा ज्या बाजारात खपत, आणि ज्यांच्या ऑनलाइन विक्रीवर केंद्राला २०२३ मध्ये बंदी आणावी लागली, त्या बाजाराकडून वेगळी अपेक्षा ती काय करावी?

कायदा पुरा मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जे १९४ ब हे कलम आले, त्यान्वये चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालखुर्ची यांनी बांधलेले नसल्यास चालकास १,००० रुपये दंड आहे. मूल पुढे बसू नये असे मात्र ते कलम म्हणत नाही. मागची सीट असताना मुलाला पुढे बसवू नये, तान्ह्याला तर चालू एअरबॅगपुढे कधीच ठेवू नये, आणि नाइलाजाने पुढे बसवावेच लागले तर खटका बंद करून सीट मागे सरकवावी, ही रीत ज्यांनी मुले गमावून शिकली त्या देशांतून आता डॉक्टर सांगतात, गाडीचे पुस्तक सांगते. घरातले वडीलधारे मात्र सांगत नाहीत, कारण त्यांच्या काळी पुढे बसलेल्या पोराला फार तर एक टेंगूळ येई. आणि पुढे बसविण्याचा खरा नाइलाज आहे तो भेंडी, काकडी घेऊन पहाटे कल्याणच्या बाजारी निघणाऱ्या पिकअपवाल्याचा, ज्याच्या गाडीला मागची सीटच नाही. एअरबॅगची सक्ती प्रवासी मोटारींपुरती असल्याने त्याच्या मुलाला हा धोका तूर्त कमी, आणि जुना पत्र्याचा धोका पूर्वीइतकाच आहे.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून शहापूर तालुक्यातून ताशी १२० किलोमीटर वेगाने जाण्याची कायदेशीर मुभा आहे, आणि त्या वेगात हात आडवा घालणे हा निव्वळ देखावा ठरतो. त्यामुळे खटक्याचे काम वाढले आहे, आणि त्याची अडचणही. नातवासाठी शनिवारी बंद केलेली पिशवी सोमवारी त्याच सीटवर आजोबा दवाखान्यात जाण्यास बसले तरी बंदच राहते, कारण पिवळा दिवा डोळ्यांच्या सवयीचा झालेला असतो. अमेरिकेला १९९८ साली हीच धास्ती होती, म्हणूनच माहितीपत्रक वाचल्याचे लेखी घेतल्याशिवाय तेथे परवाना सुटत नव्हता. आपल्याकडे किल्ली फिरविण्यास परवाना लागत नाही, आणि ती केव्हा व कशी फिरवावी हे ज्यात लिहिले आहे ते गाडीबरोबरचे जाडजूड पुस्तक समोरच्या खणात प्लास्टिकच्या वेष्टनासह पडून असते. ते उघडलेच तरी बहुधा इंग्रजीत असते.